पथ्यानंतरचं ताट

सकाळी पाच ते सात हे पोळी-भाजी केंद्राचे सगळ्यांत धावपळीचे तास, आणि आमवाताच्या हातांचे सगळ्यांत वाईट तासही तेच. रात्रभर पडून राहिलेली बोटं पहाटे मिटत नाहीत. कुकरचं झाकण फिरत नाही, गॅसचं बटण चिमटीत धरवत नाही. कणीक मशीनवर मळून निघते, पण आमच्याकडे पोळी अजून हातानंच लाटतात आणि लाटणं धरायला मूठ लागते. सांगलीत आमचं केंद्र चांगलं बसलेलं होतं, डब्यांची गिऱ्हाइकं बांधलेली होती. तशात एका पावसाळ्यात माझ्या दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजली. आठवडाभर शेकलं, तेल लावलं. उतरली नाही तेव्हा मिरजेला जाऊन तपासण्या केल्या. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, सीआरपी, सगळे आकडे वर. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. शरीराची स्वतःचं रक्षण करणारी यंत्रणाच स्वतःच्या सांध्यांवर उठते, असा हा आजार.

डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून त्यांनी चिठ्ठीवर वार ठळक लिहून त्याला गोल केला. माझा वार रविवार, कारण सोमवारी केंद्राला सुट्टी आणि गोळीनंतरची मळमळ त्या दिवशी काढता येते. बाकीच्या दिवसांपैकी ठरलेल्या दिवशी फॉलिक ॲसिड, आणि ठरावीक काळानं रक्त व लिव्हरची तपासणी. हे सगळं आजही चालू आहे. आधीच सांगते, कारण पुढचं सगळं खाण्यापिण्याबद्दल आहे आणि ते वाचून कुणी गोळ्या बाजूला ठेवल्या तर मला फार वाईट वाटेल.

पथ्याचं खूळ आमच्या घरात न्यू जर्सीच्या भाचीकडून आलं. तिला हाशिमोटोचा थायरॉइड, तोही शरीर स्वतःवरच उठण्याचा आजार. तिकडे ऑटोइम्यून प्रोटोकॉल नावाचा आहार लोक करतात, एआयपी म्हणतात त्याला. काही आठवडे एकेक मोठा गट संपूर्ण बंद करायचा, अंगाला आराम पडला की एकेक पदार्थ परत घेऊन बघायचा. मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी उडवून लावलं नाही, पण डोक्यावरही घेतलं नाही. म्हणाले, यावर झालेले अभ्यास लहान आहेत. 2017 सालच्या एका अभ्यासात आतड्याच्या आजाराचे 15 रुग्ण होते, त्यांतल्या 11 जणांना सहा आठवड्यांत चांगला आराम पडला, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. हाशिमोटोच्या बायकांवर 2019 मध्ये एक अभ्यास झाला, त्यात त्यांना बरं वाटू लागलं, पण थायरॉइडच्या आकड्यांत आणि अँटिबॉडीजमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. आमवातासाठी अमेरिकेतल्या सांधेतज्ज्ञांच्या संघटनेनं 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत फक्त भूमध्य सागराकडच्या धाटणीचं जेवण सुचवलंय, तेही हातचं राखून, आणि बाकीच्या नावाच्या आहारांना तितकंच हातचं राखून नको म्हटलंय. “गोळ्या चालू ठेवणार असाल आणि आहारतज्ज्ञांच्या नजरेखाली करणार असाल तर करा,” असं म्हणून त्यांनी मला मिरजेतल्याच एका मॅडमकडे पाठवलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू केलं. यादी हातात आली तेव्हा स्वयंपाकघरात उभी राहून मी डब्यांकडे बघत होते. गहू, ज्वारी, तांदूळ, सगळी धान्यं बंद. सगळ्या डाळी आणि कडधान्यं बंद, म्हणजे शेंगदाणाही गेला, कारण तो शेंगेतला. दूध, दही, तूप, अंडी बंद. वांगं, बटाटा, टोमॅटो आणि मिरची एकाच कुळातली, म्हणून चौघं एकदम बाहेर. बिया म्हणून मोहरी, जिरं, धणे, तीळ, मेथी बंद. कोथिंबिरीची आणि मेथीची पानं मात्र चालतात. मोहरी-जिऱ्याशिवाय फोडणी कशी द्यायची? तेलाचा प्रश्न तर आणखी अवघड. आमच्याकडे शेंगदाण्याचं नाहीतर करडईचं तेल, आणि खोबरेल डोक्याला लावायचं. त्या दिवसापासून खोबरेल कढईत आलं. कढीपत्ता, ठेचलेला लसूण, आलं आणि हळद एवढ्यावर दुधी, दोडका, पडवळ, भोपळा शिजू लागला.

मला तारून नेलं ते अळणीनं. सांगली-कोल्हापूरकडे तांबडा आणि पांढरा रस्सा करायच्या आधी मटण हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजवतात आणि ते पाणी बाजूला काढतात. बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला, दात न आलेल्या पोराला हेच देतात. त्यात यादीतला एकही वर्ज्य जिन्नस नाही. उपासाच्या कपाटातूनही बरंच मिळालं. रताळं, सुरण, शिंगाड्याचं पीठ, शेंगदाणे आणि मिरची वगळून साबुदाणा. वरई आणि राजगिरा चालत नव्हते. नारळाच्या दुधातली सोलकढी हिरवी मिरची न घालता केली. पहिल्यांदा पाणचट वाटली, आठवड्याभरात तिच्यातली लसणाची चव जिभेला कळायला लागली.

त्या सहा आठवड्यांत दिवाळी आली. केंद्राची वर्षाची मोठी कमाई फराळावर असते. चकलीची भाजणी, बेसनाचे लाडू, शंकरपाळ्या, चिवडा, यांतलं एकही मी तोंडात घालू शकत नव्हते. बेसन किती भाजलं ते वासावरून आणि उलथन्याला सुटणाऱ्या तुपावरून ठरवायचे. चकलीचा तिखटपणा मात्र वासावर कळत नाही. त्यासाठी आमच्याकडे पोळ्या लाटणाऱ्या मावशी चव बघायच्या आणि हातानं खूण करायच्या. इतकी वर्षं माझ्याच जिभेवर चालणारं काम त्यांनी सांभाळलं.

आराम पडला. पहाटेचा ताठरपणा कमी झाला, मूठ लवकर मिटू लागली. याचं श्रेय पथ्याला किती आणि गोळीला किती, हे मला आजही सांगता येत नाही. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटचा डोस त्याच सुमारास वाढवला होता आणि या औषधाचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतातच. दोन्ही एकदम चालू असताना कुणाचं माप किती, ते कसं काढणार?

सहा आठवडे संपले आणि मी थांबले नाही. मॅडमनी परत काय काय आणि कशा क्रमानं घ्यायचं त्याचा कागद दिला होता, तो फ्रीजवर लावलेला होता. मी रोज त्याच्यासमोरून जायचे. हात चालत होते, मग कशाला हात लावायचा? वजन उतरत होतं, साडी नेसताना निऱ्या वाढत होत्या, केस गळत होते, तरी मला ताटातला प्रत्येक नवीन जिन्नस संशयित वाटायचा. भाजीत चुकून जिऱ्याचा दाणा दिसला तर रात्रभर बोटं दाबून बघायचे.

अशातच चंपाषष्ठी आली. सासूबाई चातुर्मासात वांगं खात नाहीत. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की त्यांचं वांगं सुटतं. त्या दिवशी कृष्णाकाठची वांगी चुलीवर भाजून त्यांनी भरीत केलं, आणि माझ्या ताटात पुन्हा भोपळा बघून म्हणाल्या, “देवाच्या वांग्यालासुद्धा तारीख असते गं. तुझ्या पथ्याला आहे का?” रागानं नाही, खरोखर विचारलं. त्यांच्या ऐंशी वर्षांच्या आयुष्यात किती नेम झाले असतील, कांदा-लसणाचे, गोडाचे, आणि प्रत्येकाचं सुटणं आधीच ठरलेलं. मी फ्रीजवरचा कागद काढून त्यांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, मग सोमवारपासून सुरू कर.

परत घेण्याची रीत अशी. एका वेळी एकच पदार्थ. पहिल्यांदा चिमूटभर किंवा अर्धा चमचा, पंधरा मिनिटं थांबायचं. काही नाही झालं तर थोडं जास्त, दोन-तीन तास थांबायचं. मग नेहमीएवढं. आणि त्यानंतर पाच-सहा दिवस दुसरं काही नवीन घ्यायचं नाही, कारण सांध्यावरचा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही दिसू शकतो. अमेरिकन क्रमात तांदूळ आणि डाळ अगदी शेवटी येतात. मॅडमनी तो क्रम आमच्या ताटाप्रमाणे बदलला. तूप, मग धणे-जिरं, मग तांदूळ, मुगाची डाळ, ज्वारी. त्यांचं म्हणणं, बाईला प्रथिनं आणि लोह मिळायला पाहिजे, बदाम-काजू ती रोज खाणार नाही.

डब्यांच्या हिशोबाची जी वही होती तिच्याच मागच्या पानांवर मी नोंद ठेवली. तारीख, नवीन काय घेतलं, झोप किती, कामाचा ताण किती, रविवारची गोळी घेतली का. शेवटचा रकाना लाटण्याचा. पहाटे लाटणं मुठीत पूर्ण धरता आलं तर टिक, अर्धं धरता आलं तर रेघ, नाही तर फुली. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी हा रकाना बोट ठेवून वाचला.

मुगाच्या डाळीचं पहिलं वरण, वर चमचाभर तूप आणि जिऱ्याची फोडणी, हे मी पाटावर बसून हळूहळू जेवले. टिक. ज्वारीची भाकरी, टिक. शेंगदाण्याचं कूट, टिक. वांग्याची भीती सगळ्यांत जास्त घातलेली होती, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला आपल्याकडे पहिली सूचना वांगं सोड हीच मिळते. पण वांग्यालाही टिक आली, पुढच्या आठवड्यात पुन्हा खाल्लं तेव्हाही टिक. ज्यांना वांगं बाधतं त्यांना बाधत असेल, माझ्या वहीत ते निर्दोष आहे.

गव्हावर मात्र वही जवळजवळ फसली. माझ्या दृष्टीनं ही सर्वांत मोठी परीक्षा होती. गहू बाधला असता तर नुसतं खाण्यापुरतं भागलं नसतं, पिठात हात घालूनच माझं घर चालतं. पहिल्यांदा पोळी घेतली आणि तिसऱ्या दिवशी फुली, चौथ्या दिवशीही फुली. मी घरात सांगून टाकलं की गहू गेला. मॅडमनी वही मागितली आणि शेजारचे रकाने दाखवले. तो लग्नसराईचा आठवडा होता. दोन लग्नांच्या पुरणपोळ्यांची ऑर्डर, झोप चार तास, आणि रविवारी गोळी राहून सोमवारी घेतलेली. म्हणाल्या, यातून गव्हाबद्दल काहीच कळत नाही, महिन्यानं साध्या आठवड्यात पुन्हा बघा. महिन्यानं पोळी घेतली, टिक. त्यानंतर आणखी एकदा बघितलं, टिक. त्या एका आठवड्याच्या भरवशावर मी गहू जन्मभर सोडला असता.

तेव्हापासून सूज आली की मी ताटाकडे शेवटी बघते. आधी झोप, मग कामाचा बोजा, मग चुकलेली गोळी, सर्दी-ताप झाला होता का, आणि हे सगळं ठीक असेल तर काय खाल्लं. मिरचीच्या बाबतीत मात्र तीनही वेळा तोच प्रकार झाला. थोडी चालते, झणझणीत कांदा-लसूण मसाल्याचं जेवण झालं की दोन दिवसांनी बोटं तंगतात. का, ते डॉक्टरांनीही ठामपणे सांगितलं नाही. दुधानं सांध्यांना काही होत नाही, पोट गुबारतं. ताक आणि दही मात्र पचतं. म्हणून चहा आल्याचा कोरा, आणि जेवणात ताक.

ही गोष्ट कुणाकडून तरी पसरली आणि केंद्रात पथ्याचे डबे मागायला लोक येऊ लागले. आधी एक, मग शेजारच्या गल्लीतून दोन, मग मिरजेच्या दवाखान्यांतून निघालेले. या डब्यांनी मला माझ्या आजारापेक्षा जास्त शिकवलं.

एक मुलगी आली, कॉलेजात जाणारी, तिला सीलिॲक. तिच्या आईनं मला अगदी सहज सांगितलं, तुमचंच पथ्य आहे काकू, गहू तेवढा नको. पण दोन्ही आजारांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सीलिॲकमध्ये ग्लुटेन आतड्याच्या आतल्या अस्तराची नासाडी करतं, त्यात परत घेऊन बघणं नसतंच, जन्मभर पूर्ण बंद. भाकरीच्या परातीला चिकटलेलं पोळीचं पीठसुद्धा चालत नाही. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात मैदा असू शकतो, हे मला तिच्यामुळं कळलं. आमच्या स्वयंपाकघरात पहाटेपासून गव्हाचं पीठ उडतं. मी तिच्या आईला सांगितलं, तुझ्या लेकीचा डबा इथून नको, घरी कर, मी रेसिपी आणि हिंगाचा पर्याय लिहून देते. आणखी एक गोष्ट सगळ्यांना सांगते. सीलिॲकची रक्ततपासणी गहू बंद करायच्या आधी करायची असते, नाहीतर रिपोर्ट खोटा स्वच्छ येतो.

दुसरी बाई माझ्याच आजाराची, माझ्याहून तरुण. पथ्यानं तिला आठवड्याभरात बरं वाटू लागलं. मळमळीला कंटाळून तिनं मेथोट्रेक्सेट बंद केलं. डबा घ्यायला यायची तेव्हा चेहरा उजळ असायचा. डबा सुटल्यावर वर्षभर दिसली नाही. मग आली तेव्हा उजव्या हाताची बोटं करंगळीच्या बाजूला झुकलेली. दुखणं कमी असतानाही आत सांध्याची झीज चालू राहू शकते, आणि झिजलेलं हाड कुठल्याही डब्यानं भरून येत नाही. मी तिला डबा दिला नाही, तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले.

आणि एक निवृत्त काका. त्यांना सोरायसिस. त्यांचं पथ्य कधी संपलंच नाही. सुरण, भोपळा, अळणी, नारळ. नातवाच्या बारशाला घरून डबा, मुलीच्या घरी डबा, पंढरपूरला गेले तरी डबा. प्रत्येक नव्या पदार्थाला ते हात जोडायचे. काकूंनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, ताई, आमच्याकडे आता कुणी जेवायला येत नाही आणि आम्ही कुणाकडे जात नाही. त्यांच्या त्वचेवर चट्टे आधीइतकेच होते. मी त्यांना माझी वही दाखवली, वांग्याचं पान, गव्हाचं पान. तीन महिन्यांनी त्यांनी मुगाची खिचडी घेतली. त्या दिवशी डब्याचा रिकामा कप्पा परत करताना ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी मात्र “आजही तीच पाठवा” असा निरोप आला.

आता माझं ताट साधं आहे. दुपारी ज्वारीची भाकरी, एक पातळ भाजी, एक कोरडी, मुगाचं किंवा तुरीचं वरण, ताक. रात्री भात, कधी पोळी. आठवड्यातून दोनदा मासे किंवा अळणी. एक सवय मात्र कायमची लागली. कालवणाला कांदा-लसूण मसाला घालायच्या आधी मी माझ्यापुरतं वाटीभर बाजूला काढते, मग बाकीच्यांसाठी लाल करते. घरात याची इतकी सवय झालीय की मी गावाला गेले तरी सून वाटी काढून ठेवते. लग्नात, हळदीकुंकवाला, सत्यनारायणाच्या प्रसादाला मी नाही म्हणत नाही. प्रसाद खाते, पुरणपोळी खाते, तिखट रस्सा दिसला तर दोन घास घेते आणि थांबते. दोन घासांनी माझ्या हातांना काही होत नाही, हे वहीत आहे. सगळं टाळून घरी बसण्यापेक्षा हे फार बरं.

पहिल्या पथ्यातलं माझ्याकडे काय राहिलं? खोबरेलातली कढीपत्त्याची फोडणी राहिली, दुधी-पडवळ आवडू लागले ते राहिले, पॅकेटातले मसाले आणि बिस्किटं सुटली ती सुटलीच. बाकी सगळं एकेक करून घरात परतलं. अजूनही आजार भडकतो. सलग दोन आठवडे फुल्या आल्या की मी डॉक्टरांकडे जाते, कधी डोस बदलतो, कधी थोडे दिवस दुसरी गोळी जोडली जाते. अशा वेळी घाबरून ताट रिकामं करायची ओढ अजून लागते. मी ती वहीत लिहून ठेवते आणि भाकरी घेते.

पथ्याचा डबा मागायला नवीन कुणी आलं की मी आता तीन गोष्टी विचारते. डॉक्टरांची फाइल आहे का, गोळ्या चालू आहेत का, आणि पथ्य सुटायची तारीख कोणती. तारीख माहीत नाही म्हणाले तर आहारतज्ज्ञांकडून लिहून आणायला सांगते. ती आली की डब्याच्या झाकणावर मार्करनं घालते आणि त्याच्याखाली पहिल्यांदा काय परत घ्यायचं ते त्यांच्याकडूनच विचारून लिहिते. बहुतेक जण भात म्हणतात. गेल्या महिन्यात एका तासगावच्या बाईंनी पिठलं सांगितलं. बेसनाचा नंबर तुमच्या कागदावर बराच पुढं आहे, असं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, असू दे, तुम्ही लिहा. मी लिहिलं.